चष्म्याच्या काचा निवडताना आधी टेप, मग फ्रेम, मग काच

माझ्या काउंटरच्या खणात शिंप्याचा टेप असतो. नवीन माणूस चष्मा करायला आला की मी त्याच्या हातातला नंबराचा कागद लगेच घेत नाही. आधी विचारते, "दिवसभर काय काम करता? इथे बसून करून दाखवा बघू."

आमचं दुकान सोलापुरात आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं. मी लग्न होऊन आले २००१ साली आणि दुसऱ्याच वर्षी काउंटरच्या मागे उभी राहिले. आमच्याकडे विडी वळणाऱ्या बायका येतात, गणवेश शिवणारे कारागीर येतात, यंत्रमागावरचे कामगार, बँकेतले, शाळेतले, सगळे येतात. इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे: काच दरपत्रकातून निवडायची नसते. तुम्ही दिवसभर कुठे आणि किती अंतरावर बघता, त्यावरून ती ठरते.

मागे एक मावशी आल्या होत्या. वय अठ्ठावन्न. जवळचा नंबर अडीच, नवाच चष्मा. पेपर हातात धरला की अक्षर स्वच्छ दिसायचं, पण विड्या वळायला बसल्या की तासाभरात मान भरून यायची. त्यांना वाटत होतं, आता वयच झालं. मी त्यांना स्टुलावर बसवलं, मांडीवर सुपाऐवजी एक पुठ्ठा दिला आणि म्हटलं, वळा विडी. डोळ्यापासून बोटांपर्यंत टेप लावला, बावन्न सेंटिमीटर भरले. अडीचचा नंबर चाळीस सेंटिमीटरसाठी असतो. म्हणजे मधले बारा सेंटिमीटर भरून काढायला त्या दिवसभर मान पुढे काढून बसत होत्या. नंबर चुकलेला नव्हता, तो दुसऱ्याच कामासाठी होता. त्यांच्या डॉक्टरांशी बोलून आम्ही तो दोनवर आणला. पंधरा दिवसांनी मावशी आपल्या जावेला घेऊन आल्या.

हिशोब सोपा आहे. शंभराला अंतराच्या सेंटिमीटरने भागा. चाळीसला अडीच, पन्नासला दोन, कॉम्प्युटरच्या पासष्टला साधारण दीड. मात्र हा सरळ हिशोब साठीच्या आसपास लागू होतो, कारण तोवर डोळ्याची स्वतःची जवळ बघण्याची ताकद जवळपास संपलेली असते. पंचेचाळिशीत डोळा अजून बरंच काम स्वतः करतो, म्हणून नंबर कमी लागतो. तेव्हा नंबर डॉक्टरांनाच काढू द्या. तुम्ही फक्त घरून अंतर मोजून न्या आणि तपासणीच्या वेळी सांगा: कॉम्प्युटर इतक्या अंतरावर, शिवणयंत्राची सुई इतक्या, पोथी इतक्या. हा आकडा सांगणारं गिऱ्हाईक मला शंभरात दोन-तीनच भेटतं.

तपासणीबद्दल दोनच गोष्टी. मधुमेह असेल आणि साखर वर-खाली होत असेल तर त्या दिवसांत चष्मा करू नका. साखर वाढली की नंबरही सरकतो, बहुतेकदा मायनसच्या बाजूला, आणि साखर जागेवर आली की नवा चष्मा निकामी. साखर काही आठवडे स्थिर राहू दे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही डॉक्टर सांगतील तोवर थांबा, साधारण महिना-दीड महिना. आणि चाळिशी उलटली असेल तर दुकानातल्या मशीनवर नंबर निघाला म्हणजे डोळे तपासले असं समजू नका. काचबिंदू त्या मशीनला दिसत नाही. त्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच जावं लागतं, मी स्वतः गिऱ्हाइकांना पाठवते.

काचेच्या आधी फ्रेम

हे बहुतेकांना उलटं वाटतं. लोक फ्रेम आवडीने घेतात आणि मग म्हणतात, "आता यात सगळ्यात पातळ काच बसवा." मायनस नंबर मोठा असेल तर पातळपणा फ्रेमच निम्मा ठरवते.

गेल्या वर्षी एक कॉलेजची मुलगी आली, दोन्ही डोळ्यांना मायनस सहा. चष्मा दुसरीकडून केलेला होता. पातळ काच म्हणून भरपूर पैसे मोजले होते आणि तरी कानाच्या बाजूची कड फ्रेमच्या बाहेर डोकावत होती. तिला वाटलं, आपल्याला फसवलं. मी काच तपासली. फसवणूक नव्हती, खरोखर एक पूर्णांक सदुसष्ट इंडेक्सची, म्हणजे पातळ जातीचीच काच होती. फ्रेम चुकली होती.

तुमच्या फ्रेमच्या काडीच्या आतल्या बाजूला बघा, बारीक अक्षरात ५४, मग एक चौकोन, मग १८ आणि १४० असं काहीतरी छापलेलं असतं. ५४ म्हणजे एका काचेची रुंदी, १८ म्हणजे नाकावरच्या पुलाची रुंदी, १४० म्हणजे काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. तिच्या फ्रेमवर हेच आकडे होते. आता ५४ आणि १८ मिळून ७२. तिच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर, आम्ही त्याला पी.डी. म्हणतो, ६२. फरक दहा, म्हणजे प्रत्येक डोळ्याला पाच. काचेचा मध्यबिंदू बाहुलीसमोर यायला हवा, म्हणून तो नाकाकडे पाच मिलिमीटर सरकवावा लागतो. तो सरकला की कानाकडची कड मध्यापासून २७ अधिक ५, म्हणजे ३२ मिलिमीटर लांब जाते. मायनस काच मध्यात पातळ आणि कडेला जाड असते. जितकं लांब जाल तितकी ती जाड होते, आणि तीही अंतराच्या वर्गाने.

कागदावर मांडून मी तिला दाखवलं. ५४ च्या फ्रेममध्ये सदुसष्टची महाग काच: कड साधारण सहा मिलिमीटर. हाच नंबर ४८ रुंदीच्या, १६ पुलाच्या फ्रेममध्ये साध्या प्लास्टिकच्या काचेत केला असता तर कड पावणेसहाच्या आसपास. लहान फ्रेममधली साधी काच मोठ्या फ्रेममधल्या महाग काचेपेक्षा पातळ! आणि ४८ मध्ये सदुसष्टची घेतली असती तर चारच्या थोडी वर. मुलीने तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

म्हणून मायनस चारच्या पुढचा नंबर असेल तर फ्रेम घेताना हा हिशोब करा: रुंदी अधिक पूल, ही बेरीज तुमच्या पी.डी.च्या जितकी जवळ तितकी चांगली. कोपरे असलेल्या चौकोनी फ्रेमपेक्षा गोलसर बरी, कारण कोपरा म्हणजे मध्यापासून सगळ्यात लांबची जागा. कड लपवायची असेल तर शेलची, म्हणजे जाड प्लास्टिकची फ्रेम धातूच्या तारेपेक्षा सोयीची. प्लस नंबरवाल्यांची काच उलट मध्यात जाड असते. त्यांनीही लहान फ्रेम घ्यावी आणि दुकानदाराला सांगावं की काच कमी व्यासाची मागवा. मोठी तयार चकती आणून कापली तर मधली जाडी तशीच राहते.

पी.डी. नंबराच्या कागदावर बहुतेकदा लिहिलेला नसतो, तो दुकानात मोजतात. तो मोजून घेतल्याशिवाय मोठ्या नंबराचा चष्मा करू नका, ऑनलाइन तर मुळीच नाही. मायनस सहाच्या काचेचा मध्य बाहुलीपासून पाच मिलिमीटर चुकला तर त्या डोळ्यापुढे तीन प्रिझम डायऑप्टरचा प्रिझम उभा राहतो, म्हणजे काच चित्र बाजूला सरकवते. डोकं दुखतं, डोळे ओढल्यासारखे वाटतात आणि माणूस नंबरालाच दोष देतो.

आता काच

माझे सासरे काच हाताने घासायचे. दुकानाच्या मागच्या खोलीत फिरता दगड होता, त्यावर पाण्याची धार, आणि काच गोल-गोल फिरवत ते कड उतरवायचे. खरी काच सुंदर दिसते, ओरखडा सहज पडत नाही, पण जड असते आणि फुटली तर डोळ्यात जाते. आता आम्ही ती जवळजवळ करतच नाही. साधं प्लास्टिक म्हणजे सी.आर. ३९. हे १९४० च्या दशकात अमेरिकेत तयार झालं, कोलंबिया रेझिनचा एकोणचाळिसावा नमुना म्हणून हे नाव. आजही छोट्या नंबराला याच्याइतकी स्वच्छ काच नाही. प्लस-मायनस दोनपर्यंत नंबर असेल तर हीच घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या कोटिंगवर घाला.

दुकानात तुम्हाला १.५६, १.६०, १.६७, १.७४ असे आकडे ऐकवले जातील. हा इंडेक्स, म्हणजे प्रकाश किती वळवते त्याचं माप. आकडा वाढला की तोच नंबर कमी जाडीत बसतो. पण एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: इंडेक्स वाढला की बहुधा काच रंग जास्त फोडते. ते मोजणारा आबे आकडा सी.आर. ३९ चा ५८ आहे, १.६० चा ४१ च्या आसपास, १.६७ चा ३२, पॉलीकार्बोनेट या दुसऱ्या प्लास्टिकचा ३०. हा आकडा जितका मोठा तितकं चित्र स्वच्छ. मान न हलवता काचेच्या कडेतून ट्यूबलाइटकडे बघा, नळीच्या एका बाजूला निळी आणि दुसऱ्या बाजूला तांबूस रेघ दिसेल. काहींना हे जाणवतही नाही, काहींना त्याचा फार त्रास होतो. म्हणून गरज नसताना वरचा इंडेक्स घेऊ नये असं माझं मत आहे. दोन ते चार नंबराला १.५६ किंवा १.६०, चार ते सातला १.६० किंवा १.६७, त्याच्या पुढे १.६७ किंवा १.७४. मला स्वतःला १.६० फार आवडते: मजबूत, पुरेशी पातळ, आणि नजर स्वच्छ ठेवणारी.

पॉलीकार्बोनेटची जागा वेगळी आहे. ती सहसा फुटत नाही. लहान मुलांना तीच द्या. ज्यांचा एकच डोळा चांगला आहे, त्यांना तर मी दुसरी काच देतच नाही. त्या एका डोळ्याची काळजी पैशांपेक्षा मोठी आहे. लेथवर, वेल्डिंगच्या शेजारी, मोटारसायकलवर दिवस घालवणाऱ्यांनाही तीच. फक्त ती लवकर ओरखडते आणि नेलपॉलिश काढायच्या द्रवाने खराब होते, हे ध्यानात ठेवा. रिमलेस फ्रेमसाठी, जिथे काचेला भोकं पाडून स्क्रू बसवतात, पॉलीकार्बोनेट किंवा १.६० घ्या. सी.आर. ३९ भोकापाशी तडकते.

कोटिंग

ए.आर.सी. किंवा अँटी-ग्लेअर, म्हणजे काचेवरची चमक कमी करणारा थर, घ्या, इथे काटकसर करू नका. साध्या काचेच्या दोन्ही पृष्ठभागांवरून मिळून सुमारे आठ टक्के प्रकाश परत फिरतो, १.६७ मध्ये बारा टक्क्यांपर्यंत. म्हणजे काच जितकी महाग तितकी ए.आर.सी.ची गरज जास्त. रात्री पुणे रस्त्यावर समोरून ट्रकचे दिवे येतात तेव्हा फरक कळतो. ओळखायची खूण: काचेवर ट्यूबलाइट पाडा. प्रतिबिंब पांढरं शुभ्र असेल तर कोटिंग नाही, फिकट हिरवं किंवा जांभळं असेल तर आहे.

ब्लू कटबद्दल, म्हणजे स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांबद्दल, मला रोज विचारतात. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने सतरा चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. कॉम्प्युटरवर काम करताना डोळ्यांवर येणारा ताण या काचांनी कमी होतो असं त्यात दिसलं नाही, निदान थोड्या काळात तरी. मी गिऱ्हाइकाला हेच सांगते, मग भले बिल कमी होवो. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडतात, पंख्याचा वारा थेट तोंडावर असतो, आणि मघाशी सांगितलं ते अंतर चुकलेलं असतं. त्रास बहुतेक वेळा त्यातून होतो.

उन्हात काळ्या होणाऱ्या काचा चांगल्या, पण आमच्या सोलापूरच्या मे महिन्यात त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. उष्णता वाढली की त्या कमी काळ्या होतात, महाबळेश्वरच्या थंडीत जास्त. आणि गाडीत तर फारशा होतच नाहीत, कारण त्यांना काळं करणारे अतिनील किरण पुढची काच अडवते. गाडी चालवणाऱ्याने नंबरचा वेगळा गॉगल करावा.

चाळिशीनंतर: एक चष्मा की दोन?

इथे घाई करू नका. प्रोग्रेसिव्ह काच, जिच्यात वर लांबचं, मधे कॉम्प्युटरचं, खाली जवळचं दिसतं आणि मधली रेघ नसते, फ्रान्समध्ये १९५९ साली बाजारात आली. उत्तम वस्तू आहे, पण तिच्या दोन्ही खालच्या बाजूंना धूसर पट्टे असतातच. कितीही महाग घ्या, ते पट्टे अरुंद होतात, जात नाहीत. शिक्षक, वकील, घरात-बाहेर वावरणाऱ्या गृहिणी, यांना ती छान बसते. दिवसभर एकाच अंतरावर काम करणाऱ्यांना नाही.

विडी वळणाऱ्या मावशींना मी साधा जवळचा एकच नंबर देते, सूप भरून सगळं स्वच्छ दिसतं. शिंप्याला डी बायफोकल, म्हणजे वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेली काच: खाली इंग्रजी डी आडवा पाडल्यासारखा रुंद तुकडा, त्यातून कापडाची पूर्ण शिवण दिसते. जुनी गोल तुकड्याची के.टी. त्या मानाने अरुंद. औषधाच्या दुकानदाराला मात्र बायफोकल देताना मी दहा वेळा विचार करते. त्याला खोक्यावरची बारीक अक्षरं डोक्याच्या वरच्या फळीवर वाचायची असतात आणि जवळचा तुकडा तर खाली! तो बिचारा हनुवटी छताकडे करून उभा असतो. त्याला कामासाठी वेगळा चष्मा. कॉम्प्युटरवर आठ तास बसणाऱ्याला ऑफिस लेन्स, जिच्यात मधला भाग रुंद असतो आणि लांबचं जवळजवळ नसतं. ती घालून गाडी चालवायची नाही.

प्रोग्रेसिव्ह ठरलीच तर फ्रेम निदान अठ्ठावीस-तीस मिलिमीटर उंच घ्या. बाहुलीपासून खालच्या कडेपर्यंत अठरा मिळाले तर उत्तम, चौदाच्या खाली मी काम घेत नाही. आणि माप कसं घेतात ते नीट बघा. आधी फ्रेम तुमच्या नाकावर आणि कानामागे नेमकी बसवून घेतली पाहिजे. मग दुकानदार तुमच्या समोर, तुमच्याच उंचीवर डोळे आणून बसेल, तुम्हाला त्याच्या डोळ्याकडे बघायला सांगेल आणि फ्रेममधल्या नकली काचेवर तुमच्या बाहुलीसमोर मार्करने ठिपका देईल, दोन्ही डोळ्यांना वेगवेगळा. उजवा-डावा क्वचितच सारखा असतो. हे न करता कुणी नुसता कागदावरचा नंबर पाठवत असेल तर तिथे प्रोग्रेसिव्ह करू नका.

ताब्यात घेताना

काच आलेलं पाकीट मागून घ्या, त्यावर इंडेक्स, कोटिंग आणि नंबर छापलेला असतो. ते घरी कागदपत्रांत ठेवा. नंबर लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजायच्या मशीनवर, तुमच्यासमोर तपासायला सांगा, यात संकोच कसला? प्रोग्रेसिव्ह असेल तर काच तिरपी करून उजेडात धरा. एकमेकींपासून चौतीस मिलिमीटरवर दोन कोरलेल्या बारीक खुणा दिसतील, आणि कानाकडच्या खुणेखाली जवळचा नंबर: २०, २२, २५ असा. हा तुमच्या कागदाशी जुळला पाहिजे. पिवळ्या-पांढऱ्या रंगात छापलेल्या खुणा लगेच पुसू देऊ नका. त्या असतानाच आरशात बघा, अधिकची खूण बाहुलीवर येते का.

घरी नेल्यावर पहिले दोन दिवस जिना उतरताना कठडा धरा आणि पावलाकडे बघायला मान वाकवा, नुसती नजर खाली नको. कुठलीही काच पुसताना आधी पाण्याखाली धरा, मग मऊ कापड. पदराने कोरडी पुसली की सोलापूरची धूळ कोटिंगवर सँडपेपरसारखी फिरते. गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा ठेवू नका आणि भाकरी भाजताना तव्यावर फार झुकू नका. उष्णतेने कोटिंगला जाळीसारख्या भेगा पडतात आणि त्या परत भरत नाहीत.

प्रोग्रेसिव्हला सवय व्हायला आठ-दहा दिवस लागतात. त्यानंतरही वाचताना हनुवटी वर करावी लागत असेल तर उंचीचं माप चुकलं आहे, एका बाजूचं अक्षर सरकत असेल तर पी.डी. तेव्हा सहन करत बसू नका. तो चष्मा आणि ते पाकीट घेऊन दुकानात जा आणि काचेवर पुन्हा ठिपके मारून दाखवायला सांगा.